साक्षीदार क्रमांक चार

गेली तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते. छापखान्यात मुद्रितशोधक आहे. कंपोझिटर मला घाबरतात, लेखक माझ्यावर चिडतात, आणि मालक म्हणतात की हिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते कळल्यावर तुम्हाला हसू येईल. मला अजून येत नाही.

नव्या पुलाच्या उद्घाटनासाठी नगरपालिकेने एक माहितीपुस्तिका काढली होती. ती छापायला आमच्याकडेच आली आणि प्रूफ माझ्याच टेबलावर. नवव्या पानावर वाक्य होतं: ‘जुना पूल चौकीदाराच्या हलगर्जीपणामुळे कोसळला व त्यात तिघांचा मृत्यू झाला.’ तो चौकीदार म्हणजे माझा दादा. सख्खा, मोठा भाऊ.

मी ते वाक्य एका फटक्यात खोडलं. खोडल्यावर भानावर आले. मुद्रितशोधकाला चूक सुधारता येते, मजकूर उडवता येत नाही. खोडलेलं परत हवं असेल तर आमच्याकडे एक खूण असते, शब्दांच्या खाली टिंबं द्यायची. म्हणजे कंपोझिटर समजतो, की हे चुकून खोडलंय, आहे तसं ठेवा. मी दात-ओठ खात त्या वाक्याखाली टिंबं दिली आणि नगरपालिकेच्या माहिती अधिकाऱ्यांना फोन लावला.

“ताई, तुमचं म्हणणं मला पटतंय,” ते म्हणाले. “पण तुम्ही बहीण आहात. बहीण दुसरं काय सांगणार? तेव्हा विधिमंडळाची चौकशी समिती बसली होती. तुमच्या भावाने तिथे काही सांगितलं असेल तर त्याची अधिकृत नोंद असणार. ती आणा. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आणा, वाक्य काढतो.”

नोंद असणारच, याची मला खात्री होती. दादा एकतीस वर्षं एकच गोष्ट सांगत आला होता. पुलाचे बोल्ट ढिले झालेत हे सांगायला तो इंजिनियरकडे तीनदा गेला होता, शेवटी सांगितलं होतं, आणि हेच त्याने समितीपुढेही सांगितलं होतं. बुधवार होता, समितीत एक जाड चष्म्याच्या बाई होत्या, त्यांनी मान डोलावली होती. इंजिनियर म्हणाला, मला कोणी काही सांगितलं नाही. समितीने इंजिनियरचं ऐकलं. दादाची नोकरी गेली. पूल पडला तेव्हा पाण्यात उडी मारून त्याने आठ जणांना बाहेर ओढलं, त्यात हात मोडून घेतला, हे सगळे विसरले. गल्लीतली पोरं त्याला ‘पूलपाड्या’ म्हणायची. त्या पोरांची पोरं आता त्याच्याकडून सायकलचं पंक्चर काढून घेतात आणि तेच म्हणतात. दादा ऐकून घेतो, पण त्यानंतर पाण्यापलीकडच्या बागेत कधी गेला नाही. नव्या पुलाचा आराखडा पेपरात आला तेव्हा त्याने तो कापून दुकानात लावला, तेवढंच.

खरं सांगायचं तर मधल्या काही वर्षांत मलाही वाटायला लागलं होतं, की याने खरंच सांगितलं होतं ना? का सांगायचं राहून गेलं आणि मग मनाने रचलं? भावाबद्दल असा विचार करणं चांगलं नाही. पण केला.

मंगळवारी मी रजा टाकून विधिमंडळाच्या मागच्या इमारतीत गेले. तळमजल्यावर अभिलेख कक्ष आहे. लांबलचक खोली, हिरव्या रंगाची लोखंडी कपाटं, सहा टेबलं आणि त्यांतल्या एकाच टेबलावर चालणारा दिवा. तिथले कारकून पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि विचारल्यावर जेवढ्यास तेवढंच. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मोजकेराव ठेवलं.

“विषय?” मोजकेराव म्हणाले.

“पूल.”

त्यांनी सूचीचा खंड पुढे सरकवला. ‘प’मध्ये पूल नव्हता. पक्षी होते, पगारवाढ होती, पदपथ होते, पाणपोया होत्या. मी ‘दुर्घटना’ काढलं. तिथे लिहिलं होतं, ‘अपघात पाहा.’ ‘अपघात’ काढलं. तिथे लिहिलं होतं, ‘दुर्घटना पाहा.’

“हा काय प्रकार आहे?” मी विचारलं.

“तेव्हाच्या सूचीकाराची पद्धत.”

“पद्धत कसली? हा तर लपंडाव झाला.”

मोजकेरावांनी सूचीचा खंड मिटून कपाटात ठेवला. मग मी पूल पडला त्या वर्षाचा खंडच मागितला आणि पहिल्या पानापासून वाचत बसले. वाचणं हा माझा धंदा आहे, पण असलं वाचन मी कधी केलं नव्हतं. माननीय सदस्य दुसऱ्या माननीय सदस्यांना विचारतात की आपण कुठल्या मुद्द्यावर आहोत, दुसरे म्हणतात की मीही तेच विचारणार होतो, मग कंसात ‘हशा’. पुढे ‘व्यत्यय’. पुढे पुन्हा ‘हशा’. संध्याकाळी पाच वाजता खोली बंद झाली तेव्हा माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. पुलाचा पत्ता नव्हता.

बुधवारी मोजकेराव स्वतःहून बोलले. “पूल कुठे जात होता?”

“पलीकडच्या बागेत.”

“मग उद्याने आणि जलाशय समिती. आणि खंड सभेच्या वर्षाचा नाही. अहवाल सभागृहात मांडला त्या वर्षाचा. पुढचा.”

“हे काल का नाही सांगितलंत?”

“काल तुम्ही पूल म्हणालात. बाग नाही म्हणालात.”

मी खंड उघडला. उद्याने आणि जलाशय समितीला सगळ्यात जास्त काळजी होती ती बदकांची. तळ्यातली बदकं कमी का झाली यावर सदतीस पानं. एका सदस्यांना बदकं चोरीला गेल्याचा संशय होता, दुसऱ्यांना ती मुळातच मोजायला चुकली असं वाटत होतं, आणि तिसरे सदस्य प्रत्येक वेळी उठून म्हणत की बदकांच्या आडून माझ्या मतदारसंघावर अन्याय होतोय. मी सदतीस पानं वाचली. न वाचून सांगते कोणाला? एखाद्या बदकामागून माझा दादा निघाला असता.

चौदावी बैठक पुलाबद्दल होती. पण तारीख मंगळवारची, आणि दादा तर बुधवार म्हणतो. साक्षीदार तीनपर्यंतच. मी पुढची बैठक काढली, तिथे पुन्हा बदकं. मी मागची काढली. तिथे कारंजं. दादाचा बुधवार गेला कुठे? वाटलं, झालं, त्याने सगळं मनानेच रचलंय, आणि मी शुक्रवारी हात हलवत परत जाणार.

रात्री दादाला फोन केला. “बुधवारच होता ना रे?”

“बुधवारच. मंगळवारी नंबरच लागला नाही, दिवसभर बाकावर बसवलं आणि उद्या या म्हणाले.”

गुरुवारी सकाळी हे मी मोजकेरावांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. “तहकूब बैठक. दुसऱ्या दिवशी चालली तरी छापताना पहिल्याच तारखेखाली. पण पुरवणीत.” पुरवणी खंडाच्या शेवटी होती, परिशिष्टांच्याही मागे, जिथे कुठल्याही शहाण्या माणसाने पाहिलं नसतं. आणि तिथे पान दोनशे बारावर होतं: ‘साक्षीदार क्रमांक चार, पुलावरील चौकीदार.’

मी पदराने चष्मा पुसला आणि वाचलं.

‘साक्षीदार क्रमांक चार: पुलाच्या स्थितीबाबत मी संबंधितांना वेळोवेळी कल्पना दिली होती.’

बस्स. एवढंच. एक वाक्य.

मी ते तीनदा वाचलं. हा दादा नव्हता. दादा जन्मात कधी ‘संबंधितांना’ म्हणाला नाही. दादाला काही विचारलं तर तो सुरुवात करतो त्या दिवशी ऊन कसं होतं तिथून. आणि त्याखाली जे होतं ते तर आणखीच चमत्कारिक होतं.

‘एक सन्माननीय सदस्या: मग त्या बाईंनाही बोलवायला हवं. आणि तो बोल्ट अजून खिडकीत आहे का, तेही पाहायला हवं.’

कुठल्या बाई? कुठली खिडकी? मी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. बाईंचा कुठे उल्लेखच नव्हता. बोल्ट शब्द आधी कुठेही नव्हता. चष्मेवाल्या बाई हवेत बोलत होत्या.

त्याच खंडात अंतिम अहवाल होता. मधल्या काळात निवडणूक झाली होती, सदस्य बदलले होते, चष्म्याच्या बाई हरल्या होत्या. नव्यांनी छापील नोंद वाचून लिहिलं होतं: ‘साक्षीदार क्रमांक चारने इशारा नेमका कोणाला व केव्हा दिला, याचा कोणताही तपशील नोंदीत आढळत नाही. सबब त्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.’

आता माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला एक गोष्ट बघताक्षणी कळते, की मधून मजकूर गळलाय. उत्तर असेल आणि प्रश्न नसेल, तर कोणीतरी काहीतरी उडवलेलं असतं. मी खंड उचलून मोजकेरावांच्या टेबलावर आपटला.

“इथलं काढलंय कोणीतरी. माझ्या भावाचं बोलणं गाळलंय. तुमच्या लोकांनी. त्या इंजिनियरच्या सांगण्यावरून.”

मोजकेरावांनी पान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “आम्ही गाळत नाही,” ते म्हणाले. “लघुलेखक सगळं टिपतात. टंकून साक्षीदाराकडे पाठवतात. पंधरा दिवसांत तो दुरुस्त करून परत पाठवतो. ते छापतात.”

“दुरुस्त म्हणजे?”

“ऐकण्यात चूक झाली असेल तर तेवढीच. पण तेव्हा कोणी तपासत नसे. आला तसा छापत.” ते उठले. “परत आलेल्या प्रती ठेवल्या आहेत. बसा.”

ते आत गेले आणि मी उभ्या उभ्या मनात भाषण तयार केलं. हा कागद घेऊन मी कुठे कुठे जाईन, कोणाकोणाची कशी खरडपट्टी काढीन. वीस मिनिटांनी ते एक पिवळं पाकीट घेऊन आले. आत एक टंकलेला कागद होता.

‘रविवार होता साहेब. त्याआधी दोनदा कचेरीत गेलो होतो, पण शिपायानं भेटू दिलं नाही. म्हणून घरी गेलो. इंजिनियरसाहेब दाराशी आरसा टांगून दाढी करत होते. एका गालाला फेस होता. त्यांचं कुत्रं भुंकायला लागलं, ते एका पायानं लंगडं आहे, तर मी जरा लांबच उभा राहिलो. मी पुलाचा एक बोल्ट नेला होता, कागदात गुंडाळून. पाना लागला नाही साहेब, हातानं फिरवला तर निघाला. इंजिनियरसाहेब म्हणाले, उद्या बघू. त्यांच्या बाईंनी मला पाणी दिलं. बोल्ट मी कठड्यावर ठेवला होता, तर बाईंनी तो उचलून खिडकीत कागदांवर ठेवला, वारा होता म्हणून. मग मी आलो. सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी पूल पडला.’

हा दादा होता. अगदी त्याच्या आवाजासकट. मला रडू यायला हवं होतं, पण मी रडायची विसरले, कारण त्या अकराच्या अकरा ओळी लाल पेन्सिलीने खोडलेल्या होत्या. सरळ रेघ, आणि रेघेच्या टोकाला दोनदा फिरवलेलं वेटोळं. छापखान्यात अशी खूण एकच माणूस करतो. जुने कंपोझिटर तिला ‘तुझी गोगलगाय’ म्हणायचे.

वर माझ्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘पुलाच्या स्थितीबाबत मी संबंधितांना वेळोवेळी कल्पना दिली होती.’ आणि समासात एकच शब्द. ‘पाल्हाळ.’ खाली दादाची सही, डाव्या हाताने केलेली, कोलमडलेली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

मला तेव्हाचं सगळं एकदम आठवलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. हळूहळू, तुकड्यातुकड्याने आठवलं. मी बावीस वर्षांची होते. नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि लाल पेन्सिल कानावरून उतरत नव्हती. दादाने कागद पुढे करून म्हटलं होतं, मोठी माणसं वाचणार, जरा नीट करून दे. आणि मला त्या फेसाची लाज वाटली होती. त्या लंगड्या कुत्र्याची. सभागृहातली मोठी माणसं हसतील, म्हणतील हा चौकीदार काय काय सांगत बसतो, म्हणून मी त्याला नीटनेटकं केलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. त्या दिवशी मी आणखी वीस गॅल्या, म्हणजे प्रुफाच्या लांब पट्ट्या, वाचल्या असतील, आणि हीही त्यांच्याबरोबर विसरून गेले.

“अक्षर ओळखीचं आहे?” मोजकेरावांनी विचारलं.

“माझं आहे.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग मी ऐकलेलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं बोलले. “अधिकृत प्रत सुधारितच. पण हिची नक्कल देता येते, ‘असुधारित’ असा शिक्का मारून. बरोबर एक निवेदन जोडा, की ही दुरुस्ती कोणी केली आणि का केली. ज्याने केली त्यानेच लिहायचं, सहीनिशी. मग छापील नोंदीलासुद्धा टीप चढते. कायमची.”

रंगीत नक्कल हातात आल्यावर बाहेरच्या जिन्यावर उभी राहून मी माहिती अधिकाऱ्यांना फोन केला. नक्कल आणि निवेदन दोन्ही चालेल, ते म्हणाले, वाक्य काढतो आणि खरं काय झालं तेही दोन ओळींत छापतो. “पण ताई, मग तुमचंही नाव येईल. मुद्रितशोधक म्हणून. चालेल ना?”

“छापा,” मी म्हटलं.

दुपारी चारला मी दादाच्या दुकानात पोचले. तो चाकाचे आरे सारखे करत बसला होता. चाक फिरवायचं, एका डोळ्याने बघायचं, एक आरा पिळायचा, परत फिरवायचं.

“मिळालं?”

येताना रस्त्यात माझ्या मनात आलं होतं, याला सांगायचं कशाला? समितीने गाळलं म्हणू. तो काय बघायला जाणार आहे? एकतीस वर्षं ज्यांना शिव्या घातल्या त्यांना आणखी थोड्या. पण मी स्टूल ओढून बसले आणि नक्कल मोठ्याने वाचली. रविवारपासून मंगळवारपर्यंत.

दादाने चाक थांबवलं. “कुत्र्याचं लिहिलंय त्यांनी?”

“सगळं लिहिलंय.”

“फेसाचं?”

“तेही.”

त्याने फडक्याला हात पुसले. “मला वाटायचं, मी बोललोच नाही,” तो म्हणाला. “अहवाल आला ना, त्यात म्हटलं होतं की तपशील नाही. मला वाटलं, एवढी मोठी खोली, एवढी माणसं, आपली पाचावर धारण बसली असेल. तोंडातून निघालंच नसेल. तुम्हाला सांगत आलो की सांगितलं, पण आतून मला खात्री नव्हती गं छोटे.”

यानंतर मी त्याला लाल रेघ दाखवली. बोट ठेवून दाखवली, गोगलगाय, माझं अक्षर, समासातला शब्द. तो शब्दही वाचून दाखवला. “मी काढलं दादा. तू सगळं सांगितलं होतंस. मी काढून टाकलं.”

त्याने कागद उजेडाकडे धरला. मला वाटलं आता ओरडेल, आणि खरं म्हणजे त्याने ओरडावं असंच मला वाटत होतं. त्याने नुसतं चाकाला बोट लावलं, ते एकदा फिरून थांबलं. “मीच म्हटलं होतं, नीट करून दे,” तो म्हणाला. “आणि वाचायला छान वाटत होतं ते. मोठ्या माणसासारखं.”

मी तिथेच, पंक्चरच्या पत्र्याच्या डब्यावर कागद ठेवून निवेदन लिहिलं. तारीख लिहिली, कागद कसा घरी आला ते लिहिलं, मी कुठल्या अकरा ओळी खोडल्या ते लिहिलं. शेवटी लिहिलं: ‘माझ्या भावाने सर्व काही सांगितले होते. दोष त्याचा नव्हता. माझा होता.’

दादाने ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढली, सायकलीच्या नळीवर खुणा करायची जाड, काळी पेन्सिल, आणि ‘माझा होता’ यावर आडवी रेघ ओढली.

“हे कशाला?” तो म्हणाला. “पाल्हाळ आहे.”

मला तेव्हा रडू आलं, तीन दिवसांचं आणि एकतीस वर्षांचं. त्याने आपलं फडकं पुढे केलं, ग्रीसने माखलेलं, आणि मग ते बघून परत घेतलं. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या दोन शब्दांच्या खाली टिंबं द्यायला लागले, एकेका अक्षराखाली एक.

“हे काय करतेस?” त्याने विचारलं.

“छापखान्यातली खूण आहे,” मी म्हटलं. “हे चुकून खोडलंय. आहे तसं ठेवा.”